कोलाडचे तराफे आणि रोह्याची पोरं

शनिवारी-रविवारी भल्या सकाळी वडखळ नाक्यावर उभं राहून बघा. मुंबईकडून आलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. निम्म्या अलिबागला वळतात. उरलेल्यांतल्या बऱ्याचशा नागोठण्यावरून पुढे कोलाडला जातात. कशाला? तर कुंडलिका नदीत रबरी होडीत बसून, वल्हं मारत, दगडांवर आपटत, भिजत-ओरडत दहा-बारा किलोमीटर खाली यायला. ह्याला राफ्टिंग म्हणतात, हे आता आमच्या पेणच्या भाजीवालीलासुद्धा ठाऊक झालंय.

ह्या राफ्टिंगवरून आमच्या नात्यात सरळ दोन तट आहेत. धाकटे दीर म्हणतात, "पैसेवाल्यांचे चोचले. नदी म्हणजे काय जत्रेतला पाळणा आहे?" भाचेमंडळी म्हणतात, "काका, पोरांना काम मिळतंय, हॉटेलं चालतायत, तुम्हाला काय त्रास?" गणपतीत सगळे जमले की मोदकांबरोबर हा विषयही पानात पडतोच. मी दोन्हीकडे थोडी थोडी असते, त्यामुळे दोघांकडून बोलणी खाते. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

माझं माहेर रोहा, सासर पेण. म्हणजे कुंडलिकेकाठी जन्मले आणि भोगावतीकाठी शाळेत शिकवलं. नद्यांवर बोलायचा थोडा हक्क आहे असं मानते!

आधी हे पाणी येतं कुठून ते सांगते, कारण राफ्टिंगला जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते माहीत नसतं. शाळेत मी मुलांना विचारायचे, "कुंडलिका कुठे उगम पावते?" उत्तर ठरलेलं : "सह्याद्रीत." बरोबर, मार्क दिले. मग विचारायचे, "भर उन्हाळ्यात पेणची भोगावती एवढीशी होते, आंबा नदी रोडावते, मग कुंडलिकाच वाहती कशी?" वर्ग चिडीचूप.

उत्तर घाटमाथ्यावर आहे. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीला टाटांचं धरण आहे. त्या तलावाचं पाणी बोगद्यातून आणि मोठाल्या नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिरा गावी आणतात, त्यावर चाकं फिरवतात आणि वीज मुंबईला जाते. १९२७ पासून हे चालू आहे. (हे तेच भिरा, जिथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं आणि एका दिवसात गावाचं नाव देशभर झालं. थर्मामीटर बरोबर होता का, ह्यावरही मग वाद झाला, असो.) चाकं फिरवून झालेलं पाणी खाली कुंडलिकेच्या खोऱ्यात येतं. रवाळज्याच्या बंधाऱ्याखाली ते सोडलं की तिथून कामत गावापर्यंत नदीला खळखळाट येतो आणि दोन-अडीच तासांचा तो खेळ होतो. पाणी सोडलं नाही, तर राफ्टिंग नाही. म्हणजे ज्याला आपण 'निसर्गाच्या सान्निध्यात थरार' म्हणतो, तो मुंबईत किती वीज लागते त्यावर ठरतो. वीज लागली की चाक फिरतं, चाक फिरलं की नदी वाहते.

आता ह्यातली खरी गंमत. मुळेचं पाणी मूळचं जाणार कुठे होतं? पुण्यात मुठेला मिळून पुढे भीमेला, भीमेतून उजनी, तिथून पंढरपूर आणि शेवटी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. म्हणजे कोलाडला ज्या पाण्यात पर्यटक "हर हर महादेव" ओरडत उड्या मारतात, ते खरं तर चंद्रभागेच्या वाळवंटात विठोबाच्या पायाशी जायचं होतं. आपण त्याला वळवून रेवदंड्याच्या खाडीत, अरबी समुद्रात पाठवलं. मी हे वर्गात सांगितलं की मुलांचे डोळे मोठे व्हायचे. एका मुलाने एकदा विचारलं होतं, "बाई, मग विठोबा रागावला नाही?" मी म्हटलं, विठोबाचं माहीत नाही, मावळातली माणसं मात्र खूप रागावली होती.

ती रागावली म्हणजे कशी, तर १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट पुढे होते, विनायकराव भुस्कुटे होते. भाताची खाचरं आणि पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. धरणाविरुद्धचे एवढे मोठे लढे त्याआधी जगात फारसे कुठे झालेले नव्हते. बापट तुरुंगात गेले, १९२४ पर्यंत लढा विझला, धरण झालं. त्या गावांची नावं आज कुणाला पाठ आहेत? राफ्टिंगच्या आधी तिथे सूचना सांगतात : जॅकेटचा पट्टा असा आवळा, वल्हं असं धरा, पाण्यात पडलात तर पाय पुढे करून पाठीवर तरंगा. सूचना उत्तम असतात, मी ऐकल्या आहेत. त्यात दोन वाक्यं मुळशीची घातली तर काय बिघडेल? हे पाणी कुणाच्या शेतावरून आलंय एवढं तरी कळू दे.

पण म्हणून मी राफ्टिंगच्या विरोधात आहे असं नाही. दीर ऐकत असतील तर त्यांनी हे दोनदा वाचावं. पाणी वळवायचं ते शंभर वर्षांपूर्वीच वळवून झालंय. वीज झाल्यावर ते नदीतून जाणारच आहे. जाता जाता चार पोरं त्यावर तराफा सोडून संसार चालवत असतील, तर पाण्याचा एक थेंबही कमी होत नाही. खाली डोलवहालच्या बंधाऱ्यावरून तेच पाणी कालव्यांना जातं आणि त्यावर उन्हाळी भात पिकतो. आमच्या माहेरच्या बाजूला उन्हाळ्यात हिरवंगार दिसतं ते त्याच्यामुळे. एकाच पाण्यावर वीज, मौज आणि भात, असं तीनदा काम होतं. एवढं काटकसरी काम तर आमच्या सासूबाईंनाही जमलं नसतं.

माझं दुखणं वेगळं आहे. मागच्या वर्षी मी त्या काठावर दोन तास बसून होते. वयामुळे मला होडीत घेईनात, म्हणून काठावर. होडीत बसलेले सगळे बाहेरचे. वल्हं मारायला शिकवणारा गाईड इथलाच, माझ्या ओळखीच्या घरातला, "बाई, चहा घेणार का?" विचारून गेला. आणि पलीकडच्या काठावर गावातल्या चार मुली कपडे आणि भांडी घेऊन आलेल्या. वय दहा-बारा. त्या होड्यांकडे बघत होत्या. मी हाक मारून विचारलं, "पोहता येतं का गं?" तिघी हसल्या, एकीने मान हलवली : नाही. रोज नदीवर येणाऱ्या मुलींना पोहता येत नाही! आणि ज्याने नदी आयुष्यात प्रथमच पाहिली, त्याच्या अंगावर जॅकेट, डोक्यावर हेल्मेट आणि मागे सुरक्षा-होडी. हे दृश्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

आमच्या लहानपणी रोह्यात निराळी परिस्थिती होती. मी फार जुन्या दिवसांचं कौतुक करणारी नाही, तेव्हाही पोरं बुडायची. पण पोहायला शिकणं हा प्रकार फुकट होता. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधायचा आणि काका-मामा कुणीतरी पाण्यात ढकलायचे. नाकातोंडात पाणी गेलं की हात-पाय आपोआप हलत. मग ट्रकची जुनी ट्यूब आली. पंक्चरवाल्याकडून ठिगळं लावलेली काळी ट्यूब घ्यायची, तिच्यात बूड टेकवायचं आणि धारेबरोबर अष्टमीच्या बाजूला वाहत जायचं. माझे दोन्ही भाऊ भरतीची वेळ बघून जायचे, कारण रोह्यापर्यंत खाडीचं पाणी चढतं. भरतीबरोबर ट्यूब उलटी वर यायची, म्हणजे परतीचं भाडं नाही! हल्ली ह्यालाच 'ट्यूबिंग' म्हणतात आणि त्याचे पैसे पडतात.

आम्हा मुलींना मात्र काठ. कपडे धुवा, भावांचे कपडे सांभाळा. मला पोहता आलं ते आजोळच्या आत्तेमुळे. ती आईची आत्या, विधवा, अंगात आलवण, जगाला न घाबरणारी. दुपारी बायका झोपल्या की ती मला आणि मावसबहिणीला विहिरीवर न्यायची, कमरेला दोर बांधायची आणि "उतर" म्हणायची. दोराचं एक टोक तिच्या हातात. आईला कळलं तेव्हा दोन दिवस अबोला होता. आत्तेचं एकच म्हणणं : "बुडायला पोरगी चालते, मग पोहायला का नाही?" तिचं ते वाक्य अजून कुणी खोडलेलं मी ऐकलेलं नाही.

आज काय होतं? पावसाळा आला की जिल्ह्यात धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे हुकूम निघतात. निघायलाच हवेत. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. पुढच्याच महिन्यात माणगावजवळ कुंभे धबधब्यावर एक तरुण मुलगी दरीत पडून गेली. पण बंदी ही पर्यटकांसाठी. काठावरच्या गावाला नदीची बंदी कशी करणार? त्यांचं धुणं, जनावरं, मासे, गणपतीचं विसर्जन, सगळं तिथेच. देशात २०२२ साली ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून मेल्याची सरकारी नोंद आहे. सगळी काही सहलीला गेलेली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये बुडण्यावर पहिला अहवाल काढला. त्यात सांगितलेले उपाय वाचून मला आत्तेचा दोर आठवला : लहान मुलांना पाण्यापासून आडोसा करा, शाळेत जाणाऱ्या मुलांना पोहायला आणि पाण्यातल्या धोक्यापासून वाचायला शिकवा, आसपासच्या लोकांना वाचवायला आणि छातीवर दाब द्यायला शिकवा. आणि हे करायला निळ्या फरशीचा तरणतलाव लागत नाही. बांगलादेशात गावातल्या तळ्यातच बांबूचा चौकोनी मांडव उभा करतात, त्याच्या आत छातीभर पाण्यात मुलांना शिकवतात. शिकवणारे गावातलेच तरुण. त्याने मुलांचे मृत्यू खूप कमी झाले. बांबू आपल्याकडे कमी आहे का? तरुण कमी आहेत का? कोलाडला तर पाण्यातून माणूस ओढून काढायचं रीतसर शिक्षण घेतलेली पोरं गावोगाव आहेत. सोमवार ते शुक्रवार त्यांची जॅकेटं दोरीवर वाळत पडलेली असतात. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर!

माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. ह्या विषयावर फोनवर बोलत होतो तेव्हा त्याने त्याच्या गावचं सांगितलं. तिथे शहराच्या मध्यातून साऊथ प्लॅट नावाची नदी जाते. १९६५ च्या जूनमध्ये तिला मोठा पूर आला, शहराचं अतोनात नुकसान झालं. तोपर्यंत नदी म्हणजे कचरा टाकायची जागा होती. पुरानंतर सत्तरच्या दशकात लोकांनी ती साफ करायला घेतली आणि जिथे दुसरी एक नदी येऊन मिळते, त्या संगमावर बाग केली. पात्रात दगड रचून उतार केले, पाणी खळखळवलं. आता ऑफिस सुटलं की लोक होड्या घेऊन येतात, मुलं ट्यूबवर घसरतात, पुलावरून बघणाऱ्यांची गर्दी. सगळं फुकट. जॉर्जिया राज्यात कोलंबस नावाचं गिरणगाव आहे, तिथे तर २०१२ आणि २०१३ साली कापडगिरण्यांचे जुने बंधारे फोडून नदी मोकळी केली आणि गावात राफ्टिंग आणलं. तिथेही वरच्या वीजकेंद्रातून पाणी सुटेल तसा खेळ. म्हणजे आपल्या भिऱ्यासारखंच.

लगेच हुरळून जाऊ नका. डेन्व्हरलाही पाऊस झाल्यावर गटाराचं पाणी नदीत येतं, जंतू वाढतात आणि पाण्यात उतरू नका अशी सूचना असते. भाचा स्वतः आपल्या मुलीला पावसानंतर तीन दिवस जाऊ देत नाही. पण तिथे पाण्याची तपासणी होते आणि तिचा निकाल लोकांना बघायला मिळतो, हा फरक मला महत्त्वाचा वाटला.

कारण आता रोह्याकडे येते. कोलाडला काचेसारखं असलेलं पाणी पुढे धाटावच्या औद्योगिक वसाहतीवरून रोह्याला येतं. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, ३५१ पट्टे. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, देशात सर्वांत जास्त. कुंडलिका त्यात आहे. आमच्या लहानपणी धाटावला कारखाने नव्हते, नंतर आले, त्यांनी रोह्याला पोसलं हेही खरं. माझ्याच कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरची चूल त्यावर पेटली. त्यामुळे 'कारखाने बंद करा' असं मी म्हणणार नाही. पण रोह्यात नदीचा काठ बांधून काढला, फिरायला छान जागा झाली, संध्याकाळी माहेरी गेले की मीही तिथे फिरते, आणि तिथे मला एकही पोर पाण्यात दिसत नाही. भरती येते, जाते, पात्र मोकळं. काठावर बाकडी आहेत, म्हातारी माणसं आहेत, हातात मोबाइल घेतलेली मुलं आहेत. कुणाला विचारलं तर म्हणतात, "त्या पाण्यात? अंगाला खाज सुटेल." खरंच सुटेल की नुसती समजूत आहे? घाटाच्या पायरीवर एक फळा लावा. आठवड्याला एकदा पाणी तपासा आणि खडूने लिहा : आज पोहण्याजोगं आहे, आज नाही. मी शाळेत चाळीस जणांचा निकाल फळ्यावर लिहीत होते, एका नदीचा लिहायला किती वेळ लागेल?

भाचेमंडळींसाठीही एक सांगायचंय. मुळशीचं पाणी पुन्हा पूर्वेकडे द्या अशी मागणी पुणे-पिंपरीकडून होत असते, आणि तिकडची तहान बघता ती वाढतच जाणार. विठोबाच्या बाजूने पाहिलं तर ती चूक म्हणता येत नाही. पण ते पाणी उद्या खरंच वळलं, तर कोलाडचे तराफे जातील ही लहान गोष्ट, रोहे-माणगावचा उन्हाळी भातही जाईल, आणि धाटावखालच्या नदीत वाहायला नुसतं सांडपाणी उरेल. 'आमचं कोलाड म्हणजे महाराष्ट्राचं ऋषिकेश' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ऋषिकेशच्या गंगेला कुणाच्या विजेच्या बिलाची वाट बघावी लागत नाही.

आणि पेणच्या मैत्रिणी विचारतील, आपल्या भोगावतीत असं काही का नाही? वर हेटवण्याला धरण आहे की! आहे ना. त्याचं पाणी नळाने नवी मुंबईला जातं, आणि आपल्याच तालुक्याच्या खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात. जिथे प्यायला नाही तिथे खेळायला कुठून आणणार. त्यावर लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही, तो स्वतंत्र लिहीन.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पर्यटकांना येऊ द्या, त्यांच्याकडून पैसे घ्या, चांगले घ्या. पाणी किती वाजता सुटणार ते आदल्या दिवशी काठावरच्या प्रत्येक वाडीत पाटीवर लागू दे. सुटायच्या आधी भोंगा वाजतो तो धुणं धुणाऱ्या बाईला ऐकू जाईल इतका मोठा असू दे. आणि दर उन्हाळ्यात, परीक्षा संपल्यावर पंधरा दिवस, रवाळज्यापासून कोलाडपर्यंतच्या शाळांतल्या चौथी ते सातवीच्या सगळ्या मुलांना, मुलींना आधी, संथ पाण्याच्या डोहात पोहायला शिकवा. शिकवणारे आहेत, जॅकेटं आहेत, नदी आहे. पैसे लागतील ते आम्ही निवृत्त मंडळी मिळून जमवू, पेन्शन अगदीच काही वाईट नाही. ज्या गाईडने चहा विचारला होता त्याला मी हे बोलले. तो म्हणाला, "मुलगे येतील बाई, पण मुलींना घरून सोडणार नाहीत."

घरी जाऊन आयांशी बोलायचं काम माझं, असं त्याला सांगून आले आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी माहेरी असेन. कुणाला बरोबर यायचं असेल तर आधी कळवा, म्हणजे वहिनीला जेवणाचं सांगता येईल.